पडद्यामागचे रेन्वार

चित्रपट संपला, दिवे लागले की प्रेक्षक नटनट्यांची नावे घेत बाहेर पडतात. थोडे जाणकार असतील तर दिग्दर्शकाचे नाव घेतात. गाणी गाजली तर गायक आणि संगीतकार यांच्याही वाट्याला कौतुक येते. परंतु ज्याच्या डोळ्यांनी आपण तो सारा खेळ पाहिला, त्या कॅमेरामनचे नाव श्रेयनामावलीत येते आणि कोणाच्याही ध्यानात न राहता निघून जाते. देवळाची वेदी सर्वांना दिसते, वेदीवर पडणारा उजेड कोणत्या खिडकीतून येतो याची चौकशी सहसा कोणी करीत नाही, तसाच हा प्रकार आहे.

या लेखात आम्ही अशाच एका माणसाची ओळख करून देणार आहोत. त्यांचे नाव क्लोद रेन्वार. फ्रान्समधील श्रेष्ठ छायाचित्रणकारांत त्यांची गणना होते. आमच्या वाचकांना त्यांच्याविषयी आस्था वाटावी अशी दोन कारणे आहेत. संत विन्सेंट डी पॉल यांच्या जीवनावरील सर्वांत गाजलेला चित्रपट त्यांनी चित्रित केला, हे पहिले कारण. आणि हुगळीच्या काठावर त्यांनी केलेल्या कामातून भारतीय सिनेमाला एक थोर छायाचित्रणकार मिळाला, हे दुसरे.

प्रथम कॅमेरामनचे काम नेमके काय असते ते पाहू. केवळ यंत्राची कळ दाबणे म्हणजे छायाचित्रण नव्हे. प्रसंग सकाळचा की तिन्हीसांजेचा, उजेड दारातून येतो की कंदिलातून, चेहऱ्याची कोणती बाजू उजळावी आणि कोणती अंधारात ठेवावी, कॅमेरा पात्राच्या मागे चालावा की दूर उभा राहून पाहावा, हे सर्व त्याला ठरवावे लागते. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चार दिवस चित्रित होतो. पण पडद्यावर तो चार मिनिटांत घडतो. त्या चार दिवसांत सूर्य फिरतो, ढग येतात, पाऊस पडतो. तरीही पडद्यावरील उजेड एकसारखा दिसला पाहिजे. या मेहनतीची लक्षणे दिसली तर ती फसली असे समजावे. म्हणूनच हा कलावंत जितका कुशल, तितका तो झाकलेला राहतो.

रंगांचे घराणे

क्लोद यांचा जन्म १९१३ साली पॅरिस येथे झाला. त्यांचे आजोबा ओग्युस्त रेन्वार हे एकोणिसाव्या शतकातील जगप्रसिद्ध चित्रकार. झाडांच्या पानांतून गाळून आलेले ऊन माणसांच्या अंगावर कसे पडते, हे त्यांच्याइतक्या प्रेमाने फार थोड्यांनी रंगविले असेल. क्लोद यांचे वडील प्येर रेन्वार आणि आई वेरा सर्जिन ही दोघेही रंगभूमीवरील नामांकित कलाकार. वडिलांचे धाकटे बंधू जाँ रेन्वार पुढे फ्रान्सचे अग्रगण्य चित्रपट दिग्दर्शक झाले. क्लोद हे जाँ यांचे पुतणे. जाँ यांच्याही धाकट्या भावाचे नाव क्लोदच होते. त्यामुळे काका आणि पुतणे दोघेही क्लोद रेन्वार, आणि जुन्या लेखांतून अभ्यासकांची कधी कधी गफलत होते. आमचे चरित्रनायक ते पुतणे.

या घराण्याविषयी एक गोष्ट मनाला स्पर्श करते. आजोबांना उतारवयात संधिवाताने गाठले. हाताची बोटे वाकडी होऊन मिटून गेली. तरी त्या बोटांत कुंचला अडकवून घेऊन ते अखेरपर्यंत चित्रे काढीत राहिले. १९१९ साली ते वारले, तेव्हा क्लोद पाच वर्षांचे असतील, नुकतेच सहावे लागले असेल वा लागायचे असेल. पहिल्या महायुद्धात प्येर यांचा हात जायबंदी झाला, तरी ते रंगभूमीवर उभे राहिले. जाँ यांच्या पायाला गोळी लागली. ते जन्मभर लंगडत चालले. शरीराचा एक अवयव दगा देतो आणि माणूस त्याच्यासह काम करीत राहतो, हे या घराने तीनदा पाहिले होते. चौथी पाळी क्लोद यांची होती. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

तरुण क्लोद यांनी बोरिस कॉफमन या कॅमेरामनच्या हाताखाली उमेदवारी केली. कॉफमन पुढे अमेरिकेत गेले आणि ‘ऑन द वॉटरफ्रंट’ या १९५४ सालच्या चित्रपटाच्या चित्रणाबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. गुरू असा लाभला आणि घरात काकांसारखा दिग्दर्शक. परंतु नात्यामुळे काम मिळते, कसब मिळत नाही. ते क्लोद यांना स्वतःच कमवावे लागले.

उघड्या आकाशाखाली

१९३५ साली जाँ रेन्वार यांनी ‘तोनी’ हा चित्रपट काढला. दक्षिण फ्रान्समधील मार्तिग या गावाच्या परिसरात इटली आणि स्पेनमधून पोट भरण्यासाठी आलेले मजूर, दगडाच्या खाणी, त्यांचे प्रेम आणि त्यांची भांडणे असा त्याचा विषय होता. त्या काळी बहुतेक चित्रपट स्टुडिओच्या चार भिंतींत, रंगविलेल्या पडद्यांपुढे तयार होत. ‘तोनी’ मात्र प्रत्यक्ष त्याच मुलुखात, तेथल्या उन्हात आणि वाऱ्यात चित्रित झाला. कॅमेऱ्यामागे विशीतले क्लोद होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत वास्तववादी चित्रपटांची जी लाट आली, तिची पूर्वखूण म्हणून या चित्रपटाचा उल्लेख केला जातो.

त्यानंतरच्या वर्षी, १९३६ च्या उन्हाळ्यात, काका-पुतण्यांनी मोपासांच्या एका कथेवर ‘पार्ती द कांपान्य’, म्हणजे ‘गावाकडची सहल’, हा छोटा चित्रपट हाती घेतला. पॅरिसमधील एक दुकानदार कुटुंब रविवारी नदीकाठी फिरायला जाते, एवढेच कथानक. मुलगी झोपाळ्यावर उभी राहून झोके घेते, आणि कॅमेरा तिच्याबरोबर आभाळात जातो नि खाली येतो. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा इतका तो झोका जवळून अनुभवास येतो. आजोबांनी १८७६ साली ‘झोपाळा’ नावाचे एक चित्र रंगविले होते. नातवाने त्या चित्राची नक्कल केली नाही. त्याने झोपाळ्याला गती दिली.

त्या उन्हाळ्यात पावसाने सारखा व्यत्यय आणला. वेळ आणि पैसा संपला, चित्रपट अर्धवट राहिला, आणि युद्धानंतर १९४६ साली, होता तसा जुळवून, तो प्रदर्शित झाला. अवघ्या चाळीस मिनिटांचा हा चित्रपट आज जागतिक सिनेमाचा एक अलंकार मानला जातो. गंमत अशी की, ज्या पावसाने घात केला तोच पाऊस चित्रपटाच्या सर्वांत हृद्य दृश्यांपैकी एक होऊन बसला. नदीच्या पाण्यावर थेंब पडत आहेत आणि कॅमेरा मागे मागे सरतो आहे. मुलीच्या आयुष्यातील सुखाची ती एक दुपार कायमची संपली, हे सांगण्यास तेथे एकही शब्द लागत नाही. या चित्रपटाच्या सहायकांत आंरी कार्तिए-ब्रेसाँ नावाचा एक तरुण होता. पुढे तो जगातील श्रेष्ठ छायाचित्रकारांपैकी एक झाला. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९३७ साली जाँ यांचा ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ हा युद्धकैद्यांवरील विख्यात चित्रपट आला. त्याचे प्रमुख छायाचित्रणकार क्रिस्तियाँ मात्रास होते; क्लोद प्रत्यक्ष कॅमेरा चालविण्याच्या कामावर होते. पुढे जर्मनांनी फ्रान्स व्यापला आणि जाँ अमेरिकेला निघून गेले. काका-पुतण्यांची ताटातूट झाली. क्लोद मायदेशीच राहिले.

दरिद्री नारायणाच्या चेहऱ्यावरील उजेड

आता आम्ही ‘मस्ये व्हँसाँ’ या चित्रपटाकडे वळतो. आपल्या अनेक धर्मग्रामांत सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा आहे. आजारी माणसाच्या औषधाला, विधवेच्या घरभाड्याला, शाळकरी मुलाच्या पुस्तकांना हातभार लावणारे हे बंधू आणि भगिनी कोणाच्या नावाने काम करतात, हे आपण जाणतोच. संत विन्सेंट यांचा काळ १५८१ ते १६६० असा आहे. १६२५ साली त्यांनी मिशनरी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. १६३३ साली संत लुईज द मारियाक यांच्या सहकार्याने त्यांनी दयेच्या कन्यांचा संघ सुरू केला. मठाच्या भिंतींबाहेर पडून गरिबांच्या घरी जाणाऱ्या धर्मभगिनी त्या काळाला नवीन होत्या. सोसायटी मात्र संतांच्या मागाहून पुष्कळ वर्षांनी, १८३३ साली, फ्रेदरिक ओझानाम या पॅरिसमधील तरुण विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह स्थापन केली.

१९४७ साली मोरिस क्लोश यांनी या संतांवर चित्रपट काढला. संवादलेखनात जाँ आनुई यांच्यासारखा प्रथितयश नाटककार होता. विन्सेंट यांची भूमिका प्येर फ्रेने यांनी केली. विशेष असे की, चित्रपटासाठी लागणाऱ्या भांडवलाचा मोठा भाग फ्रान्समधील सामान्य कॅथलिक लोकांनी वर्गणीतून उभा केला. युद्धाने पिळून निघालेला तो देश. कच्च्या फिल्मची टंचाई होती, विजेची टंचाई होती. त्या परिस्थितीत लोकांनी एका संताच्या चित्रपटासाठी पैसे दिले.

संतांवरील चित्रपटांत एक धोका नेहमी असतो. दिग्दर्शक भाविक असतो, प्रेक्षक भाविक असतो, आणि कॅमेरामन आपल्या परीने संतांच्या मस्तकाभोवती तेजोवलय उभे करतो. मागून दिवा लावावा, केस चमकवावेत, डोळे वर करावयास लावावेत, काम झाले. क्लोद रेन्वार यांनी असे काही केले नाही. चित्रपटाचा आरंभच पाहा. १६१७ सालची गोष्ट. एक धर्मगुरू पायी चालत शातियाँ या गावात येतो. रस्ते ओस पडले आहेत, दारे खिडक्या बंद आहेत. साथीच्या भयाने लोक घरांत दडून बसले आहेत आणि आलेल्या परक्या माणसावर दगड भिरकावीत आहेत. या दृश्यात प्रकाश आहे, पण तो रुक्ष आहे. आभाळ कोणाचीच बाजू घेत नाही. विन्सेंट मोठे दिसत नाहीत. रिकाम्या गल्लीत एक काळा झगा चालताना दिसतो, एवढेच.

पुढे चित्रपट अंधाऱ्या खोल्यांत शिरतो. आजारी माणसे, एकमेकांना चिकटून निजलेली कुटुंबे, गलबतावरील वल्ही मारणारे कैदी. येथे क्लोद अंधाराला अंधार राहू देतात. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकारांनी मेणबत्तीच्या उजेडात रंगविलेली साधी माणसे आठवावीत, असे ते चित्रण आहे. आणि आमच्या नजरेस आलेली महत्त्वाची गोष्ट ही की, संतांना एक प्रकाश आणि भिकाऱ्यांना दुसरा, असा भेद या चित्रपटात नाही. एकाच खिडकीतून येणारा तोच उजेड दोघांच्याही चेहऱ्यांवर पडतो. विन्सेंट यांनी आयुष्यभर जे सांगितले ते कॅमेरामनने एकही शब्द न उच्चारता करून दाखविले. सुरकुत्या, घाम, खरजेचे डाग, काहीच झाकले नाही. पण दारिद्र्याचे प्रदर्शनही मांडले नाही. दयेच्या कामात मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे सोसायटीचे कार्यकर्ते जाणतात. कॅमेऱ्यालाही हा विवेक लागतो.

या चित्रपटाला १९४७ चे फ्रेंच सिनेमाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, व्हेनिस महोत्सवात फ्रेने सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले, आणि अमेरिकेत १९४८ साली प्रदर्शित झालेल्या परभाषी चित्रपटांतील श्रेष्ठ कृती म्हणून त्याला खास ऑस्कर देण्यात आले. पुढे १९९५ साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘मस्ये व्हँसाँ’ आहे आणि ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ही आहे. क्लोद रेन्वार यांचा हात या दोन्ही चित्रपटांस लागलेला आहे.

हुगळीच्या काठी

१९४९ च्या अखेरीस जाँ रेन्वार कलकत्त्यात दाखल झाले. रूमर गॉडन या लेखिकेचे बालपण पूर्व बंगालमधील नारायणगंज येथे गेले होते. त्या आठवणींवर तिने लिहिलेल्या ‘द रिव्हर’ या कादंबरीवर त्यांना चित्रपट काढावयाचा होता. निर्माते केनेथ मॅकेल्डाउनी हे मुळात लॉस एंजेलिसमधील फुलांचे व्यापारी. चित्रीकरणासाठी कलकत्त्याजवळ बॅरकपूर येथे नदीकाठची जागा निवडण्यात आली. कॅमेऱ्याची जबाबदारी क्लोद यांच्यावर सोपविण्यात आली. काका-पुतणे दशकानंतर पुन्हा एकत्र आले. बंगालमधील रामानंद सेनगुप्ता हे त्यांचे कॅमेरा चालक होते. सेनगुप्ता यांनी पुढे शंभरी ओलांडली आणि २०१७ साली ते निवर्तले.

चित्रपट रंगीत होता आणि टेक्निकलर पद्धतीचा होता. ती पद्धत काय होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कॅमेऱ्यात एक लोलक असे. आत आलेला उजेड तो विभागून देई आणि एकाच वेळी तीन निरनिराळ्या फिल्मांवर तीन मूळ रंगांची नोंद होई. प्रयोगशाळेत त्या तिन्हींचे रंग एकावर एक छापून अंतिम प्रत तयार करीत. कॅमेरा अतिशय अवजड, आणि उजेडाची त्याची भूक अफाट. ही फिल्म धुण्याची सोय भारतात नव्हती. चित्रित केलेली रिळे लंडनला जात. आपण टिपले ते कसे उतरले, हे कळावयास पुष्कळ दिवस लागत. आजचे कॅमेरामन शेजारच्या पडद्यावर त्याच क्षणी चित्र पाहतात. क्लोद यांना मात्र आपल्या अंदाजावर विश्वास ठेवून पुढे जावे लागे. त्यांचा हा टेक्निकलरमधील पहिला मोठा प्रयत्न, आणि तो परक्या देशातील परक्या उन्हात.

बंगालचे रंग या पद्धतीला मानवले, असे जाँ यांचे मत होते. त्यांच्या दृष्टीने या प्रदेशाच्या निसर्गात रंगांच्या अगणित मिश्र छटा नव्हत्या. थोडे आणि स्वच्छ रंग होते. चित्रपटाच्या प्रारंभी स्त्रिया तांदळाच्या पिठीची रांगोळी रेखतात. पुढे दिवाळीच्या पणत्या येतात, होळीचा गुलाल येतो, नदीवरील होड्या, घाट, वडपिंपळ येतात. भडकपणाला येथे भरपूर वाव होता. पाश्चात्त्यांनी काढलेल्या पौर्वात्य चित्रपटांत हत्ती, वाघ आणि राजेरजवाडे यांची गर्दी असे, तशी ती करण्याचा मोहही होता. क्लोद यांनी मात्र रंगांना शांत ठेवले. दुपारच्या वामकुक्षीचे दृश्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. घरातील माणसे जागोजाग निजलेली आहेत आणि कॅमेरा श्वासाच्या लयीत त्यांच्याकडे सरकतो आणि मागे येतो. त्याच निवांतपणात घरातील लहान मुलगा नागाच्या दंशाने मरण पावतो. मृत्यू येतो तेव्हा उजेड बदलत नाही, नदी थांबत नाही. ज्या घराने असे दुःख सोसले आहे त्याला या चित्रणातील सत्य कळेल.

या चित्रपटावर आक्षेपही घेतले गेले आणि ते खोटे नाहीत. फाळणीच्या जखमा ताज्या असताना बंगालमध्ये चित्रित झालेली ही कथा मुख्यतः एका इंग्रज कुटुंबाच्या बागेत घडते. कुंपणापलीकडच्या भारताची भूक आणि निर्वासितांचे लोंढे तीत दिसत नाहीत. ‘मस्ये व्हँसाँ’मध्ये ज्याने उपाशी माणसांना इतक्या सन्मानाने उजळले, त्या कॅमेरामनपुढे येथे तो विषयच आला नाही. कॅमेरामन दिग्दर्शकाने उघडलेल्या दारातूनच आत जातो. ही त्याच्या कलेची मर्यादा होय. १९५१ च्या व्हेनिस महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला, आणि २००४ साली त्याची खराब झालेली प्रत मूळ रंगांनिशी पुन्हा सिद्ध करण्यात आली.

वहीतील आकृत्या

‘द रिव्हर’चे खरे फळ मात्र निराळेच आहे. चित्रीकरणाच्या जागी एक एकोणीस वर्षांचा बंगाली विद्यार्थी येऊन उभा राहत असे. त्याचे नाव सुब्रत मित्र. त्याला कॅमेरा सहायकाचे काम हवे होते. ते मिळाले नाही. मुलाची तळमळ पाहून त्याचे वडील त्याला जाँ रेन्वार यांच्याकडे घेऊन गेले आणि केवळ पाहत राहण्याची परवानगी तेवढी मिळाली.

सुब्रत पाहत राहिला. पण हात बांधून नव्हे. प्रत्येक दृश्यासाठी कोणता दिवा कोठे ठेवला, त्याचा रोख कोणीकडे, नट कोठून कोठे चालले, कॅमेरा कसा हलला, यांच्या आकृत्या तो वहीत काढू लागला. जाँ यांनी त्या आकृत्या पाहिल्या आणि क्लोद यांना दाखविल्या. मग एके दिवशी असे झाले की, आधी चित्रित केलेल्या दृश्याशी प्रकाश जुळविण्यासाठी स्वतः क्लोद रेन्वार यांनी या मुलाकडे त्याची वही मागितली.

या प्रसंगाचे मोल आम्हाला फार वाटते. एका बाजूस युरोपातील नामवंत छायाचित्रणकार, ओग्युस्त रेन्वार यांचा नातू. दुसऱ्या बाजूस कोणतेही पद नसलेला एक विद्यार्थी. मोठा माणूस लहानाला शिकवितो हे नेहमीचेच. मोठ्याने लहानाकडे मागावे हे क्वचित घडते. त्या मागण्याने त्या मुलाला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवता आला.

दोनच वर्षांनी सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ सुरू केला, तेव्हा चित्रपटाचा कॅमेरा पूर्वी कधीही न चालविलेल्या सुब्रत मित्रांना त्यांनी कॅमेरामन केले. १९५५ साली तो चित्रपट आला आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९५६ च्या ‘अपराजितो’च्या वेळी मित्रांपुढे एक पेच पडला. काशीच्या जुन्या वाड्यातील चौक बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. अशा चौकात वरून येणारा उजेड सावली न पाडणारा, मऊ असतो. स्टुडिओच्या दिव्यांनी तो येईना. मित्रांनी चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचे झोत खालून त्या कापडावर सोडले. कापडावरून परतून आलेला उजेड काशीच्या आभाळाचा भासला. फ्रान्समधील नव्या पिढीचे रऊल कुतार छताला दिवे दाखवून अशाच परावर्तित प्रकाशात काम करू लागले आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. मित्रांनी ते त्याआधी केले होते.

ही युक्ती क्लोद यांनी शिकविलेली नव्हती, ती मित्रांची स्वतःची. परंतु प्रसंगाच्या स्थळकाळाशी उजेडाने प्रामाणिक राहिले पाहिजे, हा आग्रह त्यांनी बॅरकपूरला डोळ्यांनी पाहिला होता. त्यांचे दुसरे स्फूर्तिस्थान म्हणजे नैसर्गिक प्रकाशात छायाचित्रे टिपणारे कार्तिए-ब्रेसाँ. होय, तेच, ज्यांनी १९३६ साली रेन्वार काका-पुतण्यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केले होते. आमच्या मराठी वाचकांनी ‘तीसरी कसम’ हा १९६६ सालचा हिंदी चित्रपट पाहिलाच असेल. बैलगाडीतील त्या प्रवासाचे चित्रण सुब्रत मित्रांचेच आहे.

कागदाच्या पाठीमागून

भारतातून परतल्यावर क्लोद यांनी काकांसाठी रोममध्ये ‘सोन्याचा रथ’ हा रंगीत चित्रपट चित्रित केला. १९५५ च्या उन्हाळ्यात नीस येथील स्टुडिओत आंरी-जॉर्ज क्लुझो यांनी चित्रकार पाब्लो पिकासो यांना कॅमेऱ्यासमोर बसविले. चित्र काढणाऱ्या माणसाला पाहण्यात एक अडचण असते. त्याची पाठ आणि हात चित्राला झाकतात. येथे पारदर्शकासारखा कागद चौकटीवर ताणून त्याच्या एका बाजूस पिकासो आणि दुसऱ्या बाजूस कॅमेरा ठेवण्यात आला. पिकासोंची शाई कागदातून आरपार उतरे. त्यामुळे हात दिसत नाही, माणूस दिसत नाही. कोऱ्या कागदावर रेषा आपोआप उमटताना दिसते. फुलाचा मासा होतो, माशाचा कोंबडा होतो. ‘पिकासोचे रहस्य’ या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवात परीक्षकांचे खास पारितोषिक लाभले आणि १९८४ साली फ्रेंच सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता दिली. एका चित्रकाराच्या नातवाने दुसऱ्या चित्रकाराचा हात अदृश्य करून त्याची चित्रकला दाखविली, आणि स्वतः कागदामागे राहिला.

पुढील काळात क्लोद यांनी सर्व प्रकारचे काम केले. मोपासांच्या कादंबरीवरील ‘एक आयुष्य’ या १९५८ च्या चित्रपटात नॉर्मंडीचे समुद्रकाठ आणि शेते त्यांनी रंगांनी भारून टाकली. ‘बार्बरेला’सारखे चित्रपटही त्यांनी केले, तो काही कुटुंबासह बसून पाहण्याजोगा नाही. त्याबद्दल नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. छायाचित्रण हा त्यांचा चरितार्थ होता, आणि सुतार ज्या निष्ठेने देवळाचा दरवाजा घडवितो त्याच निष्ठेने दुकानाची फळीही रंधतो.

मावळता उजेड

१९७६ साली लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत जेम्स बाँडच्या ‘द स्पाय हू लव्ह्‌ड मी’ या चित्रपटासाठी एक अवाढव्य दालन बांधण्यात आले. तेलवाहू जहाजाचा आतील भाग आणि त्यात पाणबुड्या मावतील, असे ते त्या काळचे जगातील सर्वांत मोठे चित्रीकरण दालन होते. त्याचे रचनाकार केन अॅडम, आणि छायाचित्रणकार क्लोद रेन्वार. वय साठीच्या पुढे गेलेले. दृष्टी मंदावत चालली होती. अॅडम यांनी पुढे सांगितले की, क्लोद यांना त्या दालनाचे दुसरे टोक दिसत नव्हते. न दिसणाऱ्या जागेत दिवे लावायचे कसे?

अॅडम यांनी आपले जुने सहकारी, विख्यात दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांना साकडे घातले. ही गोष्ट कोणालाही कळता कामा नये, या अटीवर कुब्रिक तयार झाले. एका रविवारी, स्टुडिओत चिटपाखरू नसताना, ते आले. काही तास त्या दालनात फिरले, आणि दिवे कोठे कसे लावावेत याच्या सूचना त्यांनी केल्या. चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. श्रेयनामावलीत छायाचित्रणकार म्हणून नाव आहे ते क्लोद रेन्वार यांचे.

या हकीकतीत कोणी हसण्यासारखे काही शोधेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे उजळले, त्याच्या मदतीला त्याच्या संधिप्रकाशात कोणीतरी नाव न सांगता आले. कुब्रिक यांनी श्रेय मागितले नाही. अॅडम यांनी वृद्ध सहकाऱ्याला कामावरून दूर करण्याचा सोपा मार्ग धरला नाही. सिनेमाच्या धंद्यात स्पर्धा आणि अहंकार यांचीच चर्चा अधिक होते. तेथेही असे एक रविवारचे गुप्तदान घडले, याची नोंद राहिली पाहिजे.

यानंतर क्लोद यांच्या हातून फारसे काम झाले नाही. ५ सप्टेंबर १९९३ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, फ्रान्समधील त्रोआ येथे त्यांचे निधन झाले. आजोबांचा आजार बोटांत शिरला होता. तरी कुंचला अडकवून घेता आला. डोळे गेले की कॅमेरामनला अडकवून घ्यावयास काही उरत नाही.

क्लोद रेन्वार यांची शैली कोणती, असे कोणी विचारील तर उत्तर देणे कठीण जाते. काही छायाचित्रणकारांचे चित्र पाहताक्षणी ओळखू येते. क्लोद यांचे तसे नाही. ‘तोनी’चे खरखरीत ऊन, ‘मस्ये व्हँसाँ’चा रुक्ष अंधार, ‘द रिव्हर’चे शांत रंग, पिकासोंचा पांढरा कागद, यांत बाह्य साम्य काही नाही. आमच्या मते साम्य त्यांच्या वृत्तीत आहे. समोर जे आहे त्याला ते आपल्या रंगात रंगवीत नाहीत. त्याच्या जागी जाऊन त्याचा उजेड शोधतात. अशा कलावंताची छाप त्याच्या नावाने राहत नाही. ती दुसऱ्यांच्या कामात मिसळून जाते. बॅरकपूरच्या त्या वहीतून ती बंगालच्या सिनेमात गेली.

व्हॅटिकनच्या यादीतील ‘मस्ये व्हँसाँ’ अजूनही पाहावयास मिळतो. आपल्या धर्मग्रामातील सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीने संतांच्या सणानिमित्त, २७ सप्टेंबरच्या सुमारास, तो सभागृहात दाखविण्याचा विचार करावा, असे आम्ही सुचवितो. आरंभीच्या नावांत क्लोद रेन्वार हे नाव येईल, तेव्हा ते वाचून घ्यावे. आणि मग ओस गल्लीतून तो काळा झगा चालू लागला की, उजेड कोठून येतो तेही पाहावे.